आखाड्यावरच्या पाच बाटल्या

माझ्या नवऱ्याने पुण्यात सगळ्यांना सांगून ठेवलंय की ही हिंगोली जिल्ह्यात जाऊन दारू शिकून आली. सोसायटीतल्या बायका आता लिफ्टमध्ये माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने बघतात. नाही म्हणायची सोय नाही, कारण ते खरं आहे. फक्त दारू म्हणजे व्हिस्की, आणि प्यायला नव्हे तर ओळखायला. हा फरक चौथा मजला येईपर्यंत समजावून होत नाही, म्हणून लिहायला बसले.

मी त्रेपन्न वर्षांची. घरी मसाले करून विकते. धने कितपत भाजले गेलेत ते मी शेजारच्या खोलीत बसून सांगते, आणि हे मी बढाई म्हणून सांगत नाही, आमच्याकडे काम करणाऱ्या बायका वैतागतात त्यावरून. व्हिस्कीचा मात्र थेंब जिभेला लागला नव्हता. उत्सुकता होती. लग्नकार्यात पुरुषमंडळी गच्चीवर जमतात, तिकडून नवरा परत आला की मी विचारायची, कशी लागते रे? तो म्हणायचा, कडू, पण मजा येते. तीस वर्षांत त्यापुढे त्याला एक अक्षर सांगता आलेलं नाही.

सांगता येणारा माणूस मला एकच माहीत होता, रामधन चव्हाण. लग्नानंतर पहिली सहा वर्षं आम्ही एका दारूच्या कारखान्याच्या वसाहतीत राहिलो. नवरा तिथे विजेचं काम बघायचा. रामधनभाऊ शेजारच्या खोलीत. ते बंजारा तांड्यावरचे, पिंपं उचलायला म्हणून कारखान्यात लागले. एका साहेबाच्या लक्षात आलं की हा गडी पिंप उघडायच्या आधीच आतलं बिघडलंय का ते सांगतो. मग त्यांना चव घेण्याच्या खोलीत बसवलं, ते निवृत्त होईपर्यंत. माल बाटलीत भरण्याआधी रामधनभाऊंचं नाक त्यावरून फिरायचं.

गेल्या वर्षी त्यांचा फोन आला. "वैनी, तुमचं नाक पाहिजे," म्हणाले. मला वाटलं चेष्टा आहे. मग त्यांनी सगळं सांगितलं. करोनाच्या तापात त्यांचा वास गेला तो परत आलाच नाही. डॉक्टर झाले, शेक झाला, लवंगा हुंगून झाल्या, काही उपयोग नाही. त्यांच्याजवळ एक वही होती. नोकरीच्या काळात व्हिस्कीत जे जे वास सापडले ते त्यांनी आपल्या शब्दांत त्यात लिहून ठेवले होते. साहेब लोक त्या वहीला हसायचे, कारण त्यांची वासांची नावं इंग्रजीत असायची आणि रामधनभाऊंची शेतातली, गोठ्यातली. तेव्हा त्यांना हसण्याचं काही वाटलं नाही, नाक शाबूत होतं. आता नाक नाही आणि वही उघडली की प्रश्न पडतो. हे वास खरंच होते, का माझ्याच डोक्यात होते? म्हणून एक कोरं नाक हवं होतं. कधी न प्यायलेलं, पण शिकाऊ नव्हे. त्या नाकाला त्यांचे शब्द पटले तर वही खरी.

मला हे आवडलं. शिवाय हळदीचा हंगाम होता आणि मला तिकडची हळद बघायचीच होती. रामधनभाऊंनी फोनवर सांगितलेली यादी घेऊन नवरा दुकानात गेला आणि पाच निरनिराळ्या व्हिस्क्या घेऊन आला. मी त्या साड्यांत गुंडाळल्या.

वारंगा फाटा

नांदेडहून बसने फाट्यावर उतरले तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. फाट्यावर ट्रक, जीपगाड्या, पंक्चरची दुकानं आणि खिचडीचा वास. रामधनभाऊ आधीच येऊन थांबले होते. केस पांढरे झालेत, बाकी माणूस तसाच, काटक आणि नीटनेटका. राम राम झाला, आणि पहिलं वाक्य असं की खिचडी खाऊन घ्या, पण मिरचीला हात लावू नका, कांदाही नको, चार दिवस जीभ सांभाळायची आहे.

खिचडी पिवळीधम्मक, गरम, वर तेल. शेजारच्या बाकावर एक ट्रकवाला तळलेल्या मिरच्या कुरुमकुरुम खात होता आणि मी बघत होते. पुण्यात खिचडी म्हणजे पोट बिघडल्यावरचं जेवण. इथे लोक ती खायला मुद्दाम गाडी थांबवतात. मी दुसरी प्लेट मागितली तेव्हा रामधनभाऊंनी विचारलं, कसा वास आहे हो? मी म्हटलं, हिंग, आणि तळाला किंचित लागलेली. ते म्हणाले, दोन वर्षं आधी मीही सांगत होतो, आता डोळ्यांनी खातो.

मग मोटरसायकलवरून डोंगरकड्याच्या बाजूने. केळीच्या बागा, कालव्याचं पाणी, हळदीची काढलेली रानं. पिशवीत पाच बाटल्या खड्ड्याखड्ड्याला एकमेकींवर आपटत होत्या आणि प्रत्येक वेळी रामधनभाऊ मान मागे वळवत होते. मी म्हटलं, भाऊ, रस्त्याकडे बघा, त्या साड्यांत आहेत.

तांडा आला त्याच्या अलीकडेच त्यांनी गाडी शेतात वळवली. शेतातल्या खोलीला इकडे आखाडा म्हणतात, कुस्तीशी त्याचा काही संबंध नाही. तिथे बाटल्या ठेवल्या, मग आम्ही तांड्यात गेलो. याचं कारण रामधनभाऊंच्या बायकोला भेटल्यावर कळलं.

सोनावहिनी

सोनावहिनी तांड्यातल्या बायकांच्या दारूबंदी मंडळाच्या अध्यक्ष आहेत. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. नवऱ्याला माहीत असणार आणि त्याने मुद्दाम लपवलं असणार, अशी माझी आजही खात्री आहे.

वसाहतीत असताना त्या अबोल होत्या. आता नव्हत्या. त्यांचा धाकटा दीर पिऊन पिऊन गेला, त्यानंतर त्यांनी तांड्यातल्या बायका गोळा केल्या, हातभट्ट्या फोडल्या, आणि आता साखरपुड्याला नुसता गूळ वाटतात, पूर्वी त्यासोबत जे चालायचं ते बंद. हे सगळं त्यांनी मला भाकरी थापता थापता सांगितलं. ज्वारीची भाकरी, करडईची भाजी, जवसाची चटणी, वरण. पानात काही उरलं तर त्या विचारत नाहीत, नुसत्या बघतात, आणि मग ते उरत नाही.

माझ्या येण्याला त्यांनी होकार दिला होता, पण अटी घालून. बाटली तांड्याची हद्द ओलांडणार नाही. तिसऱ्या दिवशी उरलेलं सगळं त्यांच्यासमोर ओतायचं. आणि तांड्यात कुणाला कळता कामा नये. मी म्हटलं, मान्य. मग धीर करून विचारलं, वहिनी, तुम्हाला हे अजिबात पटत नाही का?

"ताई," त्या म्हणाल्या, "तीस वर्सं हे सांगून राहिले, मी पेत न्हाई, वास घेतो. आमच्या तांड्यात सगळेच काही ना काही घेत होते. कुणी दवा म्हणून, कुणी थकवा म्हणून. ह्यांनी वास म्हणून."

रामधनभाऊ उंबऱ्यावर बसून सगळं ऐकत होते.  तेव्हाच, जेवता जेवता मला समजलं की ती वही त्यांना माझ्यासमोर नाही, बायकोसमोर खरी करायची होती. आणि सोनावहिनी वहीचं नाव निघालं तरी उठून जात. बाटलीच्या आसपास त्या फिरकणारच नव्हत्या.

पहिली सकाळ

व्हिस्की संध्याकाळी प्यायची असते असा माझा समज होता. शिकायची ती सकाळी. नऊ वाजता, नाक धुतलेलं असतं तेव्हा. कारखान्यातही तसंच होतं म्हणे.

आखाड्यासमोर कडुनिंबाखाली खाट, खाटेपुढे एक फळी, फळीवर पाच ग्लास, पोटाला फुगीर आणि तोंडाला निमुळते. रामधनभाऊंनी पाचही व्हिस्क्या एकसारख्या मधाच्या बाटल्यांत ओतून घेतल्या होत्या आणि कणकेच्या खळीने आकड्यांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. लेबल वाचलं की ते आधी डोक्यात जातं, मग नाकाला काम उरत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मला आधी साबणाशिवाय, राखेने हात धुवायला लावले. केसांना तेल लावलं होतं, त्यावर फडकं बांधायला लावलं. मग पहिला ग्लास. मी तो जोरात हलवला, टीव्हीवर बघितलं होतं तसा, आणि नाक आत खुपसलं. डोळ्यांतून पाणी, नाकात आग. ते म्हणाले, वैनी, मसाला कुटताना तोंड उखळात घालता का? तिथे नीट राहता, मग इथं काहून घाई?

मग नीट शिकवलं. ग्लास हनुवटीपाशी धरायचा आणि हळूहळू वर आणायचा. तोंड जरासं उघडं ठेवायचं, म्हणजे झोंबत नाही. आधी एक नाकपुडी, मग दुसरी. नाक थकलं की आपल्याच कोपराच्या आतल्या बाजूचा वास घ्यायचा. आपला स्वतःचा वास नाकाला रिकामं करतो. हे मला इतकं पटलं की आता मसाल्याच्या वेळीही मी तेच करते.

मग घोट. पहिला घोट मी पाण्यासारखा घेतला आणि खोकत खाटेवरून उठले. रामधनभाऊ हसले नाहीत, पाण्याचा तांब्या पुढे केला. पहिला घोट फक्त जिभेला जागं करायला असतो, म्हणाले, त्याच्यावरून मत बनवायचं नाही. दुसरा घोट गव्हाच्या दाण्याएवढा, तो तोंडात ठेवायचा, चावल्यासारखा फिरवायचा, मग गिळा किंवा थुंका. त्यानंतर गप्प बसायचं. खरी चव गिळल्यानंतर येते.

गप्प बसले. आणि आली. आधी गोड, मग घशात ऊब, मग कशाचा तरी ओळखीचा वास परत वर येतो. नवऱ्याने तीस वर्षं मला यातलं काहीही सांगितलं नव्हतं. मला त्याचा राग आला.

पद्धत अशी होती की आधी मी माझा शब्द सांगायचा, मग ते वही उघडून आपला वाचणार. पहिल्या बाटलीला मी म्हटलं, पाक, गुळाचा, करपायच्या जरा आधीचा. त्यांनी वही उघडली. तिथे लिहिलं होतं काकवी. त्यांनी त्या शब्दावरून बोट फिरवलं आणि दुसरा ग्लास पुढे सरकवला. दुसरीला मी म्हटलं, नवीन लाकडी कपाट. वहीत होतं, सुताराने रंदा मारल्यावरचा भुसा. चौथी हुंगली आणि मला दवाखाना आठवला, जळकी दोरी आठवली. वहीत होतं, पाणी टाकून विझवलेली चूल. परत हुंगून बघितलं, आणि खरंच, चूल. मला ती घाणेरडी वाटायला हवी होती. दुसऱ्या दिवशी मी तीच परत मागितली.

तिसरी आणि पाचवी मात्र जमेनात. तिसरीला मी बडीशेपेचा जुना डबा म्हटलं, पाचवीला दुकानातलं व्हॅनिलाचं आईस्क्रीम. वहीत तिसरीपुढे होतं, कडब्याच्या गंजीचं पोट. पाचवीपुढे, वासराचं तोंड.

मी म्हटलं, भाऊ, मी पुण्याची, मला यातलं काय कळणार? ते उठले आणि मला बांधावरच्या कडब्याच्या गंजीपाशी घेऊन गेले. मधल्या दोन पेंढ्या ओढून काढल्या, भोक पडलं, म्हणाले डोकं घाला. त्रेपन्नाव्या वर्षी मी कडब्याच्या गंजीत डोकं घालून उभी राहिले. वरून वाळकं गवत असतं, पण आत दमट, उबदार, गोडसर वास असतो. बाहेर आले तर फडक्यावर भुसा आणि मानेत किडा. पण वास कळला. वासराचं मात्र काही करता आलं नाही. तांड्याची माणसं एके काळी हजारोंनी बैल हाकत मुलुखभर मीठ-धान्य वाहायची, आणि आज रामधनभाऊंच्या गोठ्यात ट्रॅक्टर उभा होता. तांड्यात दोन गाई होत्या, दोन्ही भाकड. तोंडानेच सांगतो, म्हणाले, आणि सांगितलं. पण वास तोंडाने सांगून कळत नाही.

दुसरी सकाळ

दुसऱ्या दिवशी वारं फिरलं. शेजारच्या शेतात हळद शिजत होती, सोनावहिनीही दोन्ही सकाळी तिकडेच कामाला होत्या. उकडत्या हळदीचा वास मला एरवी प्रिय, धंद्याचाच वास तो, पण त्यापुढे व्हिस्कीचं काही चालेना. तासभर आम्ही वारं पडायची वाट बघत बसलो. मी शेजारी जाऊन हळद बघून आले, तोडून रंग बघितला, चांगली होती, नमुने पाकिटात घातले. परत आले तर रामधनभाऊ म्हणाले, आता राखेने परत हात धुवा.

वारं पडल्यावर पाण्याचा धडा झाला. काडीने चार थेंब पाणी घातलं की ग्लासातला वास उमलतो. मी म्हटलं, हे तर फोडणीत पाण्याचा हबका मारण्यासारखं. ते खूश झाले. त्या दिवशी मी पहिल्यांदा चूलवाली व्हिस्की, चार थेंब पाणी घालून, चमचाभर घेतली आणि थुंकली नाही. कडुनिंबाखाली बसले, घशातली ऊब पोटापर्यंत गेली, दूरवर हळदीची वाफ दिसत होती, आणि मला सरळ सांगायचं तर फार बरं वाटलं. मजा येते म्हणजे काय ते कळलं. मजा घोटात नसते, घोट गेल्यावर जे उलगडत जातं त्यात असते, आणि त्याला वेळ द्यावा लागतो. गच्चीवरची मंडळी वेळ देत नाहीत.

रामधनभाऊंनीही ग्लास नाकाशी धरला होता. काही येतंय का, मी विचारलं. न्हाई, म्हणाले. पाणी आन् हे, दोन्ही सारखंच. म्हणून तर हुंगणं सोडलं.

तिसरी सकाळ

तिसऱ्या दिवशी सोनावहिनी आखाड्यावर आल्या. अट होती, उरलेलं त्यांच्यासमोर ओतायचं. मी शेवटचं एकदा पाचही हुंगून घेते म्हटलं, बाटल्या फळीवर मांडल्या, पहिली उघडली, थोडी सांडली, आणि बांधावरून बायकांचे आवाज आले.

सात-आठ बायका. मंडळाच्या. डोंगरकड्याला दारूबंदीचा मोर्चा न्यायचा होता, त्याचं ठरवायला अध्यक्षांना शोधत घरी गेल्या होत्या, तिथून इकडे.  आखाड्याला दार नाही, आत लपवायला कोपरा नाही. ग्लास त्यांनी कडब्यात खुपसले. बाटल्यांसाठी त्यांनी कंबरेच्या पिशवीतून कशिद्याचा दोरा काढला, भराभरा पाचही मानांना बांधला आणि बाटल्या पाण्याच्या हौदात मागच्या बाजूने शेवाळात सोडल्या, दोऱ्याची टोकं दगडाखाली. हे सगळं त्या इतक्या शांतपणे करत होत्या की मला वाटलं, भट्ट्या पकडताना त्यांनी लपवालपवी पुष्कळ बघितली असणार.

बायका आल्या, पाणी प्यायल्या, पाहुणीची चौकशी झाली. हळद बघायला आलेय, मी सांगितलं, आणि नमुन्याचं पाकीट दाखवलं. तेवढ्यात एक म्हातारी नाक वर करून म्हणाली, इथं डाक्टरच्या सुईसारखा वास येऊन राहिला.

रामधनभाऊ जमिनीकडे बघायला लागले. सोनावहिनी म्हणाल्या, ताईचा गुडघा धरला, त्याला औषध चोळलं आत्ताच.

झालं. पुढचा तासभर मी गुडघा धरून बसले. म्हातारीने तो दाबून बघितला, एरंडाचं पान बांधायला सांगितलं, दुसरीने ते आणलंही, आणि बांधलंही. मोर्चाची चर्चा पूर्ण झाली. एक बाई हौदावर पाय धुवायला गेली तेव्हा आम्ही तिघंही एकदम बोलायला लागलो. शेवटी त्या गेल्या, मी त्यांना लंगडत बांधापर्यंत सोडून आले.

परत आले तेव्हा बाटल्या फळीवर होत्या, ओल्या, एकसारख्या. चिठ्ठ्या हौदात तरंगत होत्या, आकडे पुसलेल्या. रामधनभाऊ खाटेवर डोकं धरून बसले होते. कोणती कोणती, आता कसं कळायचं, एवढंच म्हणत होते.

सोनावहिनी उभ्या होत्या. त्या चिडल्या होत्या, पण आवाज चढवला नव्हता. "आज मी माझ्या बायांशी खोटं बोलले," त्या म्हणाल्या. "आजपातूर कधी न्हाई बोलले. तुमच्या नाकापायी बोलले. आता दाखवा मला, हे नेमकं काय आहे ते. नाकानं कळतं म्हणता ना? मंग कळू द्या."

रामधनभाऊंनी माझ्याकडे बघितलं.  गुडघ्याला एरंडाचं पान, डोक्याला फडकं, दोन दिवसांचं शिक्षण, आणि एका माणसाचं सगळं आयुष्य माझ्या नाकावर येऊन बसलं होतं. नाही म्हणावंसं वाटलं. पण मी हात राखेने धुतले.

पाच ग्लास, प्रत्येकात दोन चमचे. शब्द मी मोठ्याने म्हटले नाहीत. हळदीच्या पाकिटाच्या मागे लिहीत गेले. काकवी लगेच सापडली. चूल तर लांबूनच. रंद्याचा भुसा दुसऱ्या फेरीत. उरल्या दोन. दोन्ही गोड, दोन्ही उबदार. कोपर हुंगून झालं, पाणी घालून झालं, डोळे मिटून झालं. कधी डावीत कडबा वाटे, कधी उजवीत. शेवटी अंदाजाने लिहिलं आणि पाकीट रामधनभाऊंच्या हातात दिलं.

पण तपासायचं कसं? तेव्हा सोनावहिनी खाली बसल्या आणि पहिल्या बाटलीच्या मानेचा दोरा बोटांत घेतला. त्यांनी बाटल्या हौदात सोडताना चिठ्ठीवरच्या आकड्याएवढ्या गाठी मारल्या होत्या. कागद पाण्यात राहणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. सांगितलं मात्र नव्हतं.

"चार गाठी," त्या म्हणाल्या. रामधनभाऊंनी शब्द मोठ्याने न वाचता पाकिटावर बघून मान हलवली. चूल. बरोबर. "एक." काकवी, बरोबर. "दोन." भुसा, बरोबर. पुढची पाच गाठींची, तिथे मी कडबा लिहिला होता. म्हणजे शेवटचीही चुकली.

"तीन आले," रामधनभाऊ म्हणाले आणि पाकीट खाली ठेवलं.  मी म्हटलं, भाऊ, चूक माझी आहे, तुमच्या शब्दांची नाही, मी शहरात वाढले. ते म्हणाले, व्हय व्हय, आणि वही पिशवीत घालायला लागले.

सोनावहिनींनी चुकलेल्या दोन ग्लासांपैकी एक उचलला. मी काय लिहिलंय ते त्यांना माहीत नव्हतं, वही त्यांनी आयुष्यात उघडलेली नव्हती. त्यांनी नाक जवळ नेलं आणि झटक्यात मागे घेतलं. मी म्हटलं, वहिनी, तोंड जरा उघडं ठेवा, हळूच. त्यांनी पदराने नाक पुसलं आणि परत हुंगलं. बराच वेळ.

"हे तर वासराचं तोंड आहे," त्या म्हणाल्या. "गाईनं पाजून सोडलं की असं येतं. दूध वाळत आलेलं."

मग दुसरा ग्लास. "आन् ह्यात कडबा. वरचा न्हाई. गंजीत आत हात घातला की येतो तो."

 रामधनभाऊंनी पिशवीतून वही परत काढली, पान उघडलं आणि बायकोसमोर धरली. सोनावहिनींनी बोट ठेवून दोन्ही ओळी वाचल्या. मग परत वाचल्या.

"मला काहून कधी सांगितलं न्हाई?" त्यांनी विचारलं.

"सांगायला लागलो की तू उठून जायचीस."

"व्हय," त्या म्हणाल्या. "जायची."

 मी बांधावर जाऊन उभं राहावं का, असा विचार करत होते. मग त्यांनी बाकीचे तीन ग्लास स्वतःपुढे ओढून घेतले आणि नवऱ्याला म्हणाल्या, "एकेक वाचू नका, आधी मी सांगते. घोट न्हाई घेणार मी. नुसता वास."

"नुसता वासच असतो," रामधनभाऊ म्हणाले. "तीस वर्सं तेच करत होतो मी."